एकेचाळीस नंबर

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री अडीचला
नऊ नंबरचा वॉर्ड निजतो,
तेव्हा मी डॉक्टरची संशोधक होते.
स्टेथोस्कोप खुंटीला, डोळा सूक्ष्मदर्शकाला.
काचेवर गुलाबचं रक्त:
विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी,
एकमेकींत अडकून बसलेल्या.

सर म्हणाले, एकेचाळीस नंबरचा नमुना उत्तम आहे.
उत्तम!
काल याच नमुन्यानं
गुडघे पोटाशी घेऊन
माझं मनगट चावलं होतं.

झेलाबाई जागीच असते, पिंपळनेरहून आलेली.
फडक्यातली कळण्याची भाकर पुढे करते.
"तीनदा नेलं ना बहीन,
मना पोऱ्यानं रगत काय बोलनं?"

मी टक्केवारी सांगू लागते.
ती सगळी ऐकून घेते, मग म्हणते,
"दुखनं कव्हय थांबी?"

माझ्या प्रबंधात याला रकानाच नाही.

पहाटे सलाईनचे थेंब मोजता मोजता
तक्त्याच्या कडेला एक उभी रेघ ओढली,
वर लिहिलं: रात्री किती तास झोप?
गुलाबपुढे: दोन.
उरलेल्या चाळिसांकडे
आता पुन्हा जावं लागेल, घरोघर.

साक्रीची पहिली एसटी सव्वासहाला.
ओपीडी नऊला.