केंद्र संख

परिपत्रक सांगलीहून निघालं, जतला चार दिवस झोपलं
आणि दुपारी माझ्या मोबाईलवर उतरलं, तिरकं.
टेबलावर ठेवून काढलेला फोटो,
कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धा अंगठा.

प्रगत गणित वर्ग. इयत्ता सहावी, सातवी.
दर शनिवारी, केंद्रशाळा संख.
प्रत्येक शाळेतून विद्यार्थी २.
खर्च उपलब्ध निधीतून.

निधीचं कपाट उघडलं.
खडूंचे दोन डबे,
तराजूचं एकच पारडं.

नावं लिहिली.
श्रीशैल बिरादार, तीसपर्यंत पाढे पाठ.
अमृता बनसोडे, फळ्यावर माझं चुकलं
तर खोकते.
सही. शिक्का. जेवणाचा डबा सोडला.

तेवढ्यात शिवलीला दारात.
घरी कन्नड, त्यामुळं आधी एरडू म्हणते,
मग दोन.
"गुरुजी, आम्ही अकरा, आमच्यातनं दोन.
संखला दीडशे, त्यांच्यातनंपण दोनच?
मग हे दोन काढलं कशावरनं?"
मी म्हटलं, वरून.
तिनं वर बघितलं.
पत्रा होता.

बुधवारी कोळेकर बाई आल्या,
केंद्रप्रमुख, तेरा शाळा, एक स्कूटी,
डिकीत पान्हा आणि तपासणीची वही.
मी गंमत म्हणून सांगितलं.
बाई हसल्या नाहीत.
चहा सरकवला, यादी ओढली,
निळ्या पेनानं २ ला
आणखी एक वळण दिलं.
३.
शेजारी बारकी सही.
"कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.
विचारणार नाहीत.
तालुक्याला बेरीज कोण करतंय?"

आता शनिवारी सव्वासहाला
तिघं फाट्यावर उभी राहतात.
जाताना डाळिंबाचा टेम्पो,
क्रेटवर बसून, अपूर्णांक मांडीवर.
टेम्पो रात्रीशिवाय परतत नाही,
म्हणून येताना बाईंची स्कूटी,
नऊ किलोमीटर, दोन खेपा.
भत्त्याचं बिल जतला आहे.
जतला आहे, एवढंच कळतं.

काल वह्या तपासल्या.
शिवलीलाच्या शेवटच्या पानावर
न दिलेलं एक उदाहरण:
छत्तीस किलोमीटर, इतके शनिवार,
लिटरला चाळीस, पेट्रोलचा भाव.
पायऱ्या सगळ्या. उत्तर बिनचूक, एककासहित.
खाली रेघ मारून,
हे कोण देतं?

लाल पेनानं उत्तराला बरोबरची खूण केली.
थोडा वेळ तसाच बसलो.
मग प्रश्नालाही केली.