बाई की बाप्या

मनांग कुलासा खेकड्याचं तोंड बघत नाही.
उलटा धरते, पोटावर अंगठा ठेवते
आणि सांगते.

रोहासच्या बाजारात दिवे लागायच्या आधी
तो अंगठाच दिवा.
निमुळतं झाकण, होडीच्या नाळेसारखं : बाप्या.
रुंद, गोल, पोटभर पसरलेलं : बाई.
बाई असली तर मागच्या फटीत विजेरी धर,
केशरी उजळलं तर लाख आहे,
भाव सांगताना घाबरू नकोस.

पहिल्या महिन्यात मी
चार किलो बाया बाप्यांच्या भावात विकल्या.
मनांग काही बोलली नाही.
दुपारी मला नुसता भात वाढला.

हातात घे, ती म्हणते.
दिसतो त्याहून जड लागला पाहिजे,
झोपलेल्या पोरासारखा.
पांढऱ्याशुभ्र पोटावर भाळू नकोस,
नुकती कात टाकलीय, आत नुसतं पाणी.
मळकं घे, गंजल्यासारखं,
बरेच दिवस त्याच घरात राहिलेलं.
वल्ह्यासारख्या मागच्या पायाचं पेर चेप,
चेपलं तर पोकळ.
डोळ्याला काडी लाव.
डोळा आत ओढला तर उद्यापर्यंत टिकेल.
नाही ओढला तर नाक लाव.
नाकानेही नको म्हटलं
तर मांजर आहेच.

आणि पौर्णिमेच्या आठवड्यात
गिऱ्हाइकाला काही सांगू नकोस,
पण तू खाऊ नकोस.

काही मधलेच निघतात.
झाकण निमुळतं नाही, गोलही नाही,
अंगठा तिथे जरा अडखळतो.
बाजार त्यांना बाक्ला म्हणतो, हसतो,
आणि किलोमागे साठ पेसो जास्त लावतो,
कारण चरबी त्यांचीच गोड.

शनिवारी देल्फिन येतो,
मनांगचा धाकटा भाऊ, सलूनवाला.
नखं गुलाबी, पायात रबरी बूट.
"माझ्या जातीचे तीन दे गं."
सगळा ओटा हसतो.
तो सगळ्यांच्या आधी हसलेला असतो,
दुसऱ्या कुणी सुरू करायच्या आत.

मनांग हसत नाही.
"बाया आहेत रे त्या. वयात यायच्या.
एक कात टाकायची राहिलीय अजून.
बाजाराला कुठला दम,
नावं ठेवली की मोकळा."

देल्फिन एक उलटा करतो,
गुलाबी नखाने कड चाचपतो, सराईत.
"एकच कात?
माझ्या किती झाल्या, मोजल्यास?"

मासे उतरवणारी पोरं ओरडत जातात.
बर्फ फुटतो कुठेतरी.
मनांग टोपलीत कोपरापर्यंत हात घालते,
वरचे सोडते, खालून तीन काढते,
नांग्यांवरची निपाची दोरी ओढून बघते,
तराजूत न टाकताच पिशवीत भरते
आणि बाप्यांचा भाव सांगते.

वहीत मी लिहिते :
देल्फिन. तीन. जड.
"जिवंत," मनांग म्हणते, वहीकडे न बघता,
"तेही लिही."