ओव्हरड्राइव्ह

डोलोमाइट स्प्रिंट. पिवळी, लिंबाच्या गोळीसारखी.
गिअरच्या मुठीवर एक बटण:
अंगठ्याने सरकवलं की
इंजिन सुस्कारा टाकायचं,
डोईवरची पाटी उतरवावी तसं.

हॉर्सशू पासच्या चढावर हमखास तापायची.
एकदा पाणीच संपलं,
म्यूरिएलने थर्मासातला गार चहा
रेडिएटरमध्ये ओतला.
म्हणाली, “बिनसाखरेचा आहे. चालेल ना हिला?”
चालला. रेक्सॅमपर्यंत
वाफेला चहाचा वास.

त्र्याऐंशीत विकली.
घेणाऱ्या पोराने नोटा दोनदा मोजल्या,
तिच्याकडे धड पाहिलंही नाही.

आता इस्पितळाच्या लांबलचक वाटेवर
म्यूरिएलची चाकांची खुर्ची ढकलतो.
समोर मोकळं दिसलं की
अंगठा मुठीवर काहीतरी चाचपत राहतो.

ती मागे न बघताच विचारते,
“तापलास का रे?”