मयतीचे सामान मिळेल

पणजोबा रेशीमकाठी लुगडी विणायचे
इतवारीच्या पेढीसाठी.
तापाच्या साथीत नेसणाऱ्याच राहिल्या नाहीत.
मग मागावर चढलं कोरं, बिनकाठाचं.
म्हणाले म्हणे, ह्याला नक्षी लागत नाही
आणि हे कोणी बदलून मागत नाही.

तिथून आमचं दुकान,
गंगाबाई घाटाच्या वाटेवर.
आजोबांनी बांबू आणले,
बाबांनी मडकी, राळ, सुतळी, मेणबत्त्यांचे पुडे.
मी फक्त पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारं ते यंत्र आणलं
आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा आवाज बंद केला.

आमच्याकडं गिऱ्हाइकाला 'या' म्हणत नाहीत.
भाव कोणी करत नाही.
एकानं केला होता, सत्त्याहत्तर साली, तासभर, आठ आण्यांसाठी.
बाबा म्हणायचे, तो भाव नव्हता करत,
घरी जायला उशीर करत होता.

उधारीच्या वहीत नाव नाही विचारायचं,
दिसेल ते लिहायचं:
लाल स्वेटर, हातात टिफिन.
दोघं भाऊ, धाकटा बोलत नाही.
रिक्षावाला, पायात एकच चप्पल.
तेरवी झाली की येतात बहुतेक.
लाल स्वेटर अकरा वर्षांनी आला,
मे महिन्यात, टक्कल पडलेला, घामानं निथळत.
म्हणाला, तुमच्याकडं मी लिहिलेला असेन.

उंची विचारायची नाही, ओळखायची.
सांगायला आलेल्याच्या हातांवरून कळते.
मी लग्नातसुद्धा मापं घेते मनात:
नवरदेव, भटजी, जिलबी वाढणारा पोरगा.

बाबा गेले एप्रिलच्या शेवटी,
कूलरच्या ताट्या बदलता बदलता.
वाळ्याची ताटी, बांबूची ताटी,
आमच्या भागात शब्द एकच आहे.
अंगणभर ओल्या वाळ्याचा वास.

आई म्हणाली, घरचं नको.

मग मी रस्ता ओलांडला.
समोर निनाव्यांचं दुकान.
बांबूच्या एका ट्रकवरून
वीस वर्षं बोलणं बंद.
त्यांनी मान वर न करता
सुतळीचा गुंडा ओढला, विचारलं,
"उंची?"

मला सांगता येईना.
मी हात वर केला,
माझ्या डोक्याच्या जरासा वर, हवेत.
तो हात तिथंच राहिला.

"राहू दे," निनावे म्हणाले, "मले मालूम हाय."

चौदाव्या दिवशी पैसे घेऊन गेले.
त्यांनी चष्मा शोधला, वही उलटली,
बोट फिरवत थांबले.
समोरची पोरगी. हात वर.
पुढं आकडा नव्हता.

"किती झाले?"
"काही नाही."
"बाराशे तरी घ्या."
"नाही म्हटलं ना."
"बरं, हजार."
मी स्टूल ओढलं
आणि भाव करत बसले.