अकरा बाय आठ

हस्ताचा शेवटचा पाऊस परवा
शेडच्या पत्र्यावर चार टपोरे थेंब टाकून
निघून गेला.
कालपासून उन्हाला धार आहे.
संध्याकाळी साडेसहाला सातविणीचा जड वास
कुंपणावरून आत येतो
आणि हिरवळीवर पांढरट भुगा सांडून ठेवतो.

हिरवळ म्हणजे अकरा फूट बाय आठ.
तळमजल्याची एवढीच ऐट.
चेंबूरला, नाल्याच्या अलीकडे,
एवढ्या मातीला कुणी जमीन म्हणत नाही.
ती सोसायटीच्या मीटिंगमधला
मुद्दा क्रमांक सात.

रामधनी जौनपूरला गेला.
छठ झाल्यावर येतो म्हणाला,
आणि फाटकातून मागे वळून,
"मॅडम, गवताला हात लावू नका."
म्हणजे मी लावणार, हे त्याला माहीत आहे.

खंडेनवमीला खुरपं धुतलं,
कात्रीला तेल दिलं,
दोघांना हळदकुंकू, एकेक झेंडू.
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी
गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन बसले.

चार महिने पाणी पिऊन माती घट्ट झालीय,
रुसलेल्या माणसासारखी, काही आत घेत नाही.
जुलैत मोडलेल्या छत्रीची दांडी काढली,
वीतवीत अंतरावर भोकं पाडत गेले.
पावसापासून वाचवता आलं नाही तिला मला,
आता हे तरी कर म्हटलं.
मग शेणखत, लाल माती,
रव्याच्या चाळणीतून चाळून.
(चाळण नवी आणावी लागेल.
घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

लव्हाळा उपटला.
पात हातात आली, गाठ खालीच राहिली.
दरवर्षी तसंच होतं.

उरला तो मधला टक्कल पडलेला गोल,
पुरणपोळीएवढा.
वरच्या सुब्रमणियनांचा कार्तिकेयन
ऑफस्पिन टाकताना
डाव्या पायाचा चवडा नेमका तिथे फिरवतो.
वय वर्षं बारा. टप्पा अचूक.

तिथे मी दोनदा मेक्सिकन गवत लावलं,
गोवंडीच्या नर्सरीतून, गालिच्यासारखं गुंडाळून आणलेलं,
रिक्षात मांडीवर धरून.
दोन्ही वेळा श्रावणात कुजलं.
आणि कडेकडेने, कुणी न बोलावता,
विटेच्या फटीतून आली
हरळी.

भाद्रपदात हिच्यासाठी
सकाळी सहाला बेल वाजते.
तीन नंबरच्या राजाध्यक्षबाई, मागे त्यांची सून,
"दूर्वा आहेत ना हो तुमच्याकडे?"
एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून देते मी,
तेव्हा काय तिचा मान!
आश्विनात तीच तण होते.
तिला मुळासकट ओढून
मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकते, हिरव्या,
झाकण लावून.

आज डब्याचं झाकण उघडलं.
तीन दिवस चहाच्या चोथ्याखाली पडून
पेरापेराला पांढरी मुळं फुटली होती.
मी बराच वेळ उकिडवी बसले होते तिथे.
मग एकेक पेर धुतलं,
टकलावर बोटाने खाचा केल्या,
आडवं निजवलं, मातीची चिमूट,
वरून तळहाताने दाबलं,
लहान मुलाचं कपाळ बघावं तसं.

कार्तिकेयन चेंडू खिशात घालून उभा.
"आंटी, किती दिवस?"
"दिवाळीपर्यंत."
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.
"मग मी नळाच्या बाजूने टाकतो."

नळाच्या बाजूला सगळ्यात चांगलं गवत आहे.
ते मी त्याला सांगितलं नाही.

झारीने पाणी घातलं, ऊन उतरल्यावर,
डासांनी पोटऱ्या फोडेपर्यंत.
पलीकडे चेंडू भिंतीवर आपटत होता,
टप्प, मग थोडं थांबून, टप्प.
चार पेरं शिल्लक आहेत.
कान तुटलेल्या मगात पाणी घेऊन
ओट्यावर ठेवलीत,
नळाच्या बाजूसाठी.