उष्टं पाणी

सगळे पुढूनच फोटो काढतात.
तुम्हीही काढा.
मी इथे मागे थांबते, टेंडरपाशी.
माझा बाप, कूस विंडफोखेल, इंजिनाचा कधी नव्हताच.
तो मागच्याचा माणूस.

त्याने त्याच्या आज्याकडून ऐकलेलं:
आधी नुसतं पिंप असायचं गाड्यावर, शेजारी कोळसा,
वळणावर पाणी हिंदकळून फायरमनच्या बुटात.
मग सहा चाकं आली, मग आठ,
तेवढ्यानेही भागेना तेव्हा मागे टाकी,
टाकीमागे आणखी एक टाकी.
कारूचं माळरान ओलांडायचं म्हणजे
गाडी पाणीच ओढायची,
आणि पाणी ओढण्यात पाणी संपायचं.

या गावाचं नाव दे आर. म्हणजे शीर.
जमिनीखाली पाण्याची शीर आहे म्हणतात.
आम्ही तिच्यावर राहायचो
आणि तीस घरांना नळ एक,
चार वाजता एक चिळकांडी टाकून गप्प.

एकसष्टात ती नवी धुडं इकडे आली.
इंजिनापेक्षा टेंडर लांब, टेंडरच्या माथ्यावर पाच पंखे.
भकभक नाही.
विमान रुळांवर उतरल्यासारखा एकसुरी किंकाळा,
रात्री दोनला कुत्री उठून बसायची.
वाफ वर सोडायचीच नाही:
पाइपातून मागे आणायची, गार करायची,
तिचं पाणी झालं की तेच पाणी पुन्हा बॉयलरच्या घशात.
कासवाच्या वरताण, बाप म्हणायचा,
स्वतःचा श्वास पिऊन जगतंय.

विंडफोखेल म्हणजे वाऱ्याचं पाखरू.
साहेबाला गंमत वाटली असणार,
बापाला पंख्यांवर नेमलं. ब्रश, शिडी, रॉकेलचं फडकं.
पात्यांत अडकलेले टोळ, लाल धूळ, मेंढ्यांची लोकर,
एकदा खरंच एक पाखरू.
ते त्याने टोपीत घालून खाली आणलं
आणि रुळांपल्याड पुरलं.
आम्हाला हे कळलं तो गेल्यावर, दुसऱ्याच कुणाकडून.

आता ते बादल्यांचं.
धाकट्या डॅनीला गोवर, अंग तव्यासारखं,
आणि नळाला तीन दिवस थेंब नाही.
बापाने टेंडरखालच्या तोटीतून दोन बादल्या आणल्या.
कोमट. वर तेलाचा तवंग, त्यात सात रंग.
आईने आपल्या लग्नाच्या रुमालातून गाळलं, दोनदा,
तरी डॅनीच्या केसांना महिनाभर
इंजिनाचा वास होता.

चौथ्या दिवशी चौकशी.
फोरमन फान आस्वेगेनने कागदावर लिहिलं:
पाणी, बादल्या दोन, चोरी.
बाप म्हणाला, साहेब, चोरी लिहा,
पण ते पाणी उष्टं होतं.
इंजिनाने पिऊन झालेलं. एकदा नाही, कितीतरी वेळा.
आठवड्याचा पगार गेला.
कागदावर मात्र, त्याच्या हट्टापायी,
'पाणी'च्या आधी एक शब्द वाढला: वापरलेलं.

पुढे डिझेल आलं. पंख्यांचा खर्च नको झाला.
पंखे उतरवले, आतल्या नळ्यांची जाळी भंगारात,
वर गोल पाठीची टाकी बसवली.
ड्रायव्हर तिला वोर्सहोंड म्हणायचे,
तो लांबुडका, आखूड पायांचा कुत्रा असतो ना, तो.
हेच ते.
तेव्हापासून इंजिन भकभकायला लागलं.
पोरं खूश. आभाळभर पांढरे ढग.

बाप रिटायर झालेला. कुंपणाशी खुर्ची टाकून बसायचा.
गाडी सुटली की मान वर,
ओठ हलत राहायचे.
आई शेजारणींना सांगायची, प्रार्थना करतात.
मी जवळ जाऊन ऐकलंय.
अकरा, बारा, तेरा.
बादल्या मोजत होता.

झाले फोटो?
ती तोटी इथे आहे, वाका जरा.
रंगाचे इतके थर चढलेत की फिरत नाही.
मी फिरवून बघितली आहे.