गुरुवारचं ऊन

रॉबिनव्हेल. मरे नदीच्या वळणावरचं गाव,
द्राक्षं, बदाम आणि पत्र्याची छपरं.
मी त्या छपरांवर चालते, हेच माझं काम.
इथे पॅनेलं उत्तरेकडे तोंड करून बसतात
आणि माणसं त्यांच्याकडे पाठ करून.
बिल आल्याशिवाय वर कुणी बघत नाही.

लुपे फिफिताने बिल फ्रिजवर चुंबकाखाली लावलं होतं,
रकमेभोवती लाल गोल, दोनदा ओढलेला.
"सूर्य तोच, छप्पर तेच. मग पैसे गळतात कुठे?"
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते ती.
सहा वर्षांच्या रात्री तिने या बावीस पॅनेलांत घातल्या.
बसवणाऱ्या कंपनीने पंचवीस वर्षांची हमी दिली
आणि चौथ्या वर्षी फोन उचलणं सोडलं.

नवरा, सेमिसी, शिडी धरून उभा.
बदामाच्या बागेत पाठ गेली, तेव्हापासून घरीच असतो.
शिडी इतकी घट्ट धरली होती त्याने
की वाटलं, पडायची भीती त्यालाच आहे.

वर बेचाळीस अंश. पत्रा बुटातून चावत होता.
धूळ होती, पण असते तेवढीच.
काकाकुव्यांनी एका केबलची साल कुरतडलेली, आतलं तांबं शाबूत.
तिसऱ्या पॅनेलवर विष्ठेचा वाळका थर;
उष्णतेच्या कॅमेऱ्यात तेवढाच चौकोन केशरी,
तापलेल्या पोराच्या कपाळासारखा.
पण एवढ्याने निम्मी वीज जात नाही.
व्होल्टेज बरोबर. करंट बरोबर. सगळं इतकं बरोबर
की मला माझाच मीटर खोटा वाटू लागला.
वैद्य दारात आला की ताप उतरतो, तसं.

मग सावलीत बसून महिन्याचे आलेख उघडले.
उन्हाळ्यातला दिवस म्हणजे एक डोंगर:
सकाळची चढण, दुपारचा माथा, संध्याकाळचा उतार.
या डोंगराला माथाच नव्हता.
साडेदहाला कडा तुटायचा,
तीनला पुन्हा उभा राहायचा, मध्ये शून्य.
ढग असे घड्याळ लावून येत नाहीत.
आणि दर गुरुवारी, शुक्रवारी डोंगर अखंड.
आज गुरुवार होता.

"गुरुवारी काय असतं?" मी सहज विचारलं.
"माझी सुट्टी," लुपे म्हणाली. "त्या दोन रात्री झोपते माणसासारखी."
सेमिसी शिडीची दोरी गुंडाळू लागला.
ती गुंडाळलेलीच होती.

मी वळसा घालून भिंतीपाशी गेले.
इन्व्हर्टरच्या शेजारी खिडकी,
खिडकीला आतून खिळे ठोकून लावलेलं जाड ब्लँकेट,
त्यामागे तिची दिवसाची झोप.
भर उन्हात त्या डब्याचा पंखा घरघरतो,
घरघर भिंतीतून थेट उशीत उतरते.
सगळ्या डब्यावर धूळ होती,
स्विचचा लाल खटका तेवढा लख्ख.

तो मागून आला. हळू बोलला,
घरात कुणी झोपलेलं नसताना.
"तीनला मी परत लावतो. एकदाही विसरलो नाही."
आणि थोड्या वेळाने,
"तिला सांगू नका. मग ती पंखा ऐकत पडून राहील,
आणि म्हणेल, झोप लागली."

फॉर्मवर रकाने आहेत: सावली, धूळ, तडा,
सैल जोड, गंज, उंदीर.
मी बराच वेळ पेन उघडं धरलं.
मग लिहिलं: बिघाड आढळला नाही.
शिफारस: इन्व्हर्टर गॅरेजच्या भिंतीवर हलवावा.
लुपेने वाचलं. "भिंतीने एवढा फरक पडतो?"
"पडतो," म्हटलं.
तिसरं पॅनेल धुऊन दिलं, त्याचे पैसे लावले नाहीत.

मार्चअखेर पुन्हा एकदा आलेख उघडला.
डोंगर सलग, रोजच्या रोज.
फक्त एका मंगळवारी
बारा ते एक खळगा, सरळ कडांचा.
मी फोन केला नाही.
त्या बाजूला ढग असतील.